पोराचा ताप साधा की धोक्याचा? शहापूर-मुरबाडच्या पालकांनी ओळखायच्या खुणा

शहापूर/मुरबाड : लहान पोरांना ताप, सर्दी, जुलाब वर्षातून चार-सहा वेळा होतातच आणि बहुतेक वेळा चार दिवसांत बरेही होतात. फसगत होते ती यामुळेच. मागच्या वेळी असाच ताप आपोआप उतरला, याही वेळी उतरेल असं धरून एक दिवस जातो. दुसरा दिवस अंगारा आणि मेडिकलमधल्या गोळीत जातो. तिसऱ्या रात्री पोर निपचित पडतं, आणि तेव्हा डोळखांबच्या आतल्या पाड्यावर किंवा माळशेजच्या पायथ्याच्या वाडीत गाडी मिळत नाही. पावसाळ्यात ओढा भरलेला असेल तर गाडी मिळूनही उपयोग नसतो.

आजाराचं नाव काढणं हे डॉक्टरांचं काम. आईबापांनी आणि आजीने ठरवायचं ते एवढंच, की हे पोर घरी ठेवण्यासारखं आहे की आत्ताच न्यायला हवं. आणि आपल्या भागात हे शक्यतो दिवस मावळायच्या आत ठरवलं पाहिजे. त्यासाठी लागणाऱ्या खुणा फार नाहीत आणि त्या ओळखायला शिक्षण लागत नाही.

या चार खुणांना थांबणं नाही

आरोग्य केंद्रातल्या नर्सना बालआजारांच्या प्रशिक्षणात सगळ्यात आधी चार गोष्टी तपासायला शिकवतात. पोर काहीच पीत नाही किंवा अंगावरचं दूध ओढतच नाही का? जे पाजावं ते सगळंच उलटून पडतं का? या दुखण्यात झटके (आकडी) आले का? आणि हाक मारली, हलवलं तरी पोर नीट जागं होत नाही, आईकडे नजर लावत नाही, असं झालंय का? पाच वर्षांच्या आतल्या मुलात यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर ताप किती आहे, जुलाब किती झाले हे मोजत बसायचं नाही. थेट दवाखाना गाठायचा.

यात थोडा गोंधळ होतो, तो आधीच दूर केलेला बरा. खोकता खोकता एखादी उलटी झाली याला ‘सगळं उलटणं’ म्हणत नाहीत. जेवण नको म्हणणं वेगळं आणि पाण्याचा घोटही न घेणं वेगळं. १०२ ताप असून अंगणात कोंबडीच्या मागे पळणारं पोर एवढं काळजीचं नसतं. १०० ताप असून आईच्या खांद्यावर मान टाकून पडलेलं, खेळणं दाखवलं तरी न बघणारं पोर मात्र काळजीचं असतं. थर्मामीटरचा आकडा बघून घाबरणारे आणि आकडा कमी बघून निश्चिंत होणारे, दोघेही चुकतात.

पोट उडतंय? श्वास मोजा

सर्दी-खोकला आणि निमोनिया यांत फरक कसा करायचा? खोकल्याच्या आवाजावरून तो कळत नाही. छातीत घरघर वाजते म्हणूनही निमोनिया असेलच असं नाही. फरक कळतो श्वासाच्या वेगावरून. गावाकडे याला कुणी ‘पोट उडतंय’ म्हणतं, कुणी ‘धाप लागली’, कुणी ‘डबा झाला’.

मोजायची पद्धत सोपी आहे. पोर शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, अंगातलं कपडं वर करावं. मोबाईलवर एक मिनिट लावावं आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजावं. पूर्ण मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, कारण लहान बाळांचा श्वास मध्येच संथ, मध्येच जलद होतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त भरले, तर पुन्हा एकदा मोजावेत आणि तरीही तेवढेच असतील तर तो धोका. दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त असतील तर निमोनिया धरून चालायचं आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यायचं.

श्वास आत घेताना बरगड्यांच्या खाली खड्डा पडत असेल, नाकपुड्या फुलत असतील, पोर कण्हत असेल किंवा ओठ-जीभ निळसर दिसत असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. अशा पोराला ऑक्सिजन लागतो, आणि तो घरी किंवा मेडिकलमध्ये मिळत नाही.

श्वास मोजण्यासारख्या साध्या गोष्टीने पोरं वाचतात हे महाराष्ट्रातच सिद्ध झालेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८८पासून गावातल्याच कार्यकर्त्यांना आणि सुईणींना निमोनिया ओळखायला आणि त्यावर औषध द्यायला शिकवलं. सुईणींना आकडे येत नव्हते, म्हणून मिनिटभराची वाळूची घडी आणि मण्यांची पट्टी तयार केली: दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर निमोनिया. काम सुरू असलेल्या गावांत निमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत निम्म्यावर आले. १९९०मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. शाळेची पायरी न चढलेल्या सुईणीला जमलं ते हातात स्मार्टफोन असलेल्या बापाला जमायला हरकत नाही.

पोट उडतंय म्हणून पोटावर डाग देण्याचा प्रकार मात्र राज्यात अजून पुरता थांबलेला नाही. २०२५च्या फेब्रुवारीत मेळघाटात अवघ्या २२ दिवसांच्या बाळाला असे डाग दिल्याचं उघड झालं. डागाने श्वास सुटत नाही. उलट भाजलेली जखम चिघळते आणि दवाखान्यात जायचा वेळ जातो. भगताकडे जाण्यावर कुणाची श्रद्धा असेल तर त्यावर वाद घालण्यात इथे अर्थ नाही. पण आधी दवाखाना, मग बाकीचं, एवढा क्रम घरातल्या वडीलधाऱ्यांनी लावून द्यावा. बऱ्याच घरांत सुनेला खुणा कळलेल्या असतात, न्यायचं की नाही हे मात्र दुसरंच कुणी ठरवतं. म्हणून हा मजकूर आजोबांनीही वाचलेला बरा.

जुलाब : पोर मरतं ते पाणी संपल्याने

मुंबईला पाणी पुरवणारी भातसा, तानसा ही धरणं शहापूर तालुक्यात, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारे पाडेही इथलेच. टँकरचं, डवऱ्याचं आणि पहिल्या पावसानंतरचं गढूळ विहिरीचं पाणी, या तिन्हींतून जुलाब येतात. पाणी गाळून उकळावं. सरपण नसेल तर आशाताईंकडचं मेडिक्लोर वापरावं. विहिरीत टीसीएल पावडर पडली की नाही, हे ग्रामपंचायतीत विचारायला कुणी लाजू नये.

जुलाब सुरू झाल्याबरोबर, पहिल्याच पातळ शौचापासून, ओआरएस द्यायचं. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. पाण्याची एक लिटरची बाटली स्वच्छ धुतली की माप तयार. पाकीट एकदम पूर्ण ओतायचं. अर्धं पाकीट अंदाजाने ग्लासात टाकलं की मीठ कमी-जास्त होतं आणि ते घातक ठरू शकतं. लहान पाकिटं २०० मिलीची असतात, म्हणून पाकिटावर काय लिहिलंय ते वाचून घ्यावं. तयार केलेलं पाणी २४ तासांत संपवावं, उरलं तर फेकावं. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, मोठ्याला अर्धा ते एक कप, चमच्याने किंवा घोट-घोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, अजून सावकाश.

दुकानात ‘ओआरएस’ म्हणून मिळणाऱ्या गोड पेयांच्या खोक्यांपासून सावध राहावं. त्यातल्या अनेकांत साखर जास्त आणि क्षार कमी असतात, त्याने जुलाब वाढू शकतात. ऑक्टोबर २०२५मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ शब्द वापरायला मनाई केली, तरी जुना माल कुठल्या टपरीवर असेल सांगता येत नाही. आशाताईंकडचं पाकीट फुकट असतं आणि ते खात्रीचं असतं.

ओआरएससोबत झिंकची गोळी १४ दिवस द्यायची. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी (१० मिलिग्रॅम), त्यापुढे पूर्ण (२० मिलिग्रॅम), चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले म्हणून बरेच जण गोळी बंद करतात. पुढच्या काही महिन्यांत पुन्हा जुलाब होऊ नयेत यासाठीही ती असते, म्हणून १४ दिवस पुरे करावेत. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. वरचं खाणाऱ्या पोराला पेज, मऊ भात, वरण द्यायचं. ‘पोटाला आराम’ म्हणून उपाशी ठेवण्याची जुनी चाल पोराला आणखी खंगवते.

न्यायचं कधी? डोळे खोल गेले, रडताना अश्रू येत नाहीत, तान्ह्याची टाळू खोल गेली, सहा-आठ तासांत लघवी नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती सावकाश सपाट होते, यापैकी दोन खुणा दिसल्या तर. शौचात रक्त दिसलं तर जुलाब दोनच झाले असले तरी. आणि आधी घटाघटा पाणी मागणारं पोर आता पाणीही नको म्हणू लागलं, तर सलाईनची वेळ आलेली असते.

पावसाळ्यातला ताप

आवणीच्या दिवसांपासून दिवाळीपर्यंतच्या तापात मलेरिया आणि डेंग्यू दोन्ही डोक्यात ठेवावे लागतात. मलेरियाची रक्त तपासणी आरोग्य केंद्रात मोफत होते आणि झटपट तपासणीच्या किटने काही मिनिटांत कळतं. थंडी वाजूनच मलेरिया येतो असं नाही; लहान पोरांत नुसता ताप, उलट्या आणि मलूलपणा एवढंच दिसू शकतं. रक्त न तपासता मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांनी ताप दोन दिवस दबतो आणि मेंदूचा मलेरिया तोवर आत वाढतो. त्यामुळे ताप आला की रक्ताचा थेंब द्यायचा, हा नियम घरात ठेवावा.

डेंग्यूची गोष्ट उलटी आहे. त्यात खरा धोका ताप उतरू लागल्यावर, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात येतो. ताप गेला म्हणून घरचे शेतावर जातात आणि त्याच दिवशी पोराचं पोट जोरात दुखू लागतं, उलट्या थांबत नाहीत, हातपाय गार पडतात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतं, शौच काळी होते. ही खूण दिसली तर धावपळ करावीच लागते. डेंग्यूचा संशय असताना ब्रुफेन किंवा अ‍ॅस्पिरिन देऊ नये, त्याने रक्तस्राव वाढतो. तापाला पॅरासिटामॉल पुरतं, पण तेही वजनावर. थेंबांच्या बाटलीत १ मिलीमध्ये साधारण १०० मिलिग्रॅम औषध असतं, तर साध्या सिरपच्या ५ मिलीमध्ये १२० ते २५०. थेंबांचं औषध सिरपसारखं चमच्याने पाजलं तर चार-चार पट डोस जातो. शेजारणीच्या पोराचं उरलेलं औषध म्हणूनच वापरू नये.

तापासोबत अंगावर लाल पुरळ, डोळे लाल, नाक वाहतंय, तर गोवर असू शकतो. २०२२च्या हिवाळ्याच्या तोंडावर मुंबईसोबत शेजारच्या भिवंडीतही गोवराची साथ आली होती. आपल्याकडे त्याला ‘देवी आली’, ‘बाया आल्या’ म्हणून घरातच ठेवतात, औषध देत नाहीत. गोवरात पोर दगावतं ते त्यामागून येणाऱ्या निमोनियाने आणि जुलाबाने. डोळ्यांवरही परिणाम होतो. त्यासाठी ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस आरोग्य केंद्रात देतात. लस नवव्या महिन्यात एक आणि १६ ते २४ महिन्यांत दुसरी. दुसरीच बहुतेकांची राहते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर भिवंडी-कल्याणकडे जाणाऱ्या कुटुंबांनी लसीकरणाचं कार्ड कपड्यांसोबत बांधून न्यावं. लस तिथल्या केंद्रावरही मोफत मिळते.

ताप असताना मान ताठ झाली, तान्ह्याची टाळू फुगली, अंगावर दाबूनही न जाणारे जांभळे ठिपके आले किंवा झटके आले तर मेंदूच्या आवरणाला सूज असू शकते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना नुसत्या तापानेही झटका येतो आणि तो बहुधा काही मिनिटांत थांबतो. तेवढा वेळ पोराला कुशीवर वळवावं, कपडे सैल करावेत. तोंडात चमचा, पाणी, औषध काही घालू नये. कांदा नको, चप्पल नको. पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८. थांबला तरी पहिला झटका डॉक्टरांना दाखवायचाच. दुसरं कुणी जवळ असेल तर त्याने मोबाईलवर व्हिडिओ काढावा, डॉक्टरांना निदानाला फार उपयोग होतो.

तान्हं बाळ : इथे वाट बघायचीच नाही

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मोठ्या मुलांचे नियम लागू होत नाहीत. त्याचा ताप हा कायम धोक्याचाच. त्याहून फसवी खूण म्हणजे गार पडणं. बाळाच्या पोटाला आणि तळव्यांना हात लावून बघावा. पाय गार आणि पोट गरम असेल तर बाळाला उब हवी. दोन्ही गार असतील तर दवाखाना हवा. दूध ओढणं कमी झालं, रडणं क्षीण झालं, बेंबीतून पू येतो, अंगावर दहापेक्षा जास्त पुवाचे फोड आहेत, या सगळ्याचा अर्थ जंतुसंसर्ग. कावीळ पहिल्या २४ तासांत दिसली किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले तर उन्हात धरून भागत नाही.

आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ या दिवशी घरी येतात ते याचसाठी. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही. गडचिरोलीतल्याच प्रयोगावरून ही पद्धत २०११मध्ये देशभर लागू झाली. त्या वजन करतात, ताप बघतात, श्वास मोजतात. त्यांना दारातून परत पाठवू नये.

पटकन न कळणाऱ्या गोष्टी

आदिवासी पाड्यांवर सिकलसेल विसरून चालत नाही. हातापायांची बोटं सुजून दुखणं, फिकटपणा, डोळे पिवळे, पोटात डाव्या बाजूला अचानक गोळा वाढणं ही त्याची लक्षणं. सिकलसेलचा आजार असलेल्या पोराला १०१च्या वर ताप आला तर त्याला साधा ताप मानायचं नाही, लगेच न्यायचं आणि कार्ड दाखवायचं.

जमिनीवर झोपलेलं धडधाकट पोर पहाटे पोट दुखतंय म्हणून उठतं, उलटी करतं, पापण्या जड होतात, बोलणं बोबडं होतं. याला अपचन समजू नये. मण्यारीचा दंश बहुधा दुखत नाही, खूणही दिसत नाही. असं पोर सापाचं विष उतरवणारी लस आणि ऑक्सिजन असलेल्या रुग्णालयातच न्यावं. विंचू चावल्यावर घाम फुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर तेही घरगुती दुखणं राहत नाही.

कुपोषण हळूहळू येतं म्हणून दिसत नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी, किंवा दोन्ही पावलांवर सूज आणि अंगठ्याने दाबल्यावर राहणारा खड्डा, म्हणजे तीव्र कुपोषण. अंगणवाडीत पट्टी असते, एका मिनिटात मोजून होतं. साधे जुलाब असं पोर सहन करू शकत नाही, म्हणून त्याला इतरांच्या एक दिवस आधी न्यायचं.

खोकल्याच्या औषधाबद्दल एक गोष्ट. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी खोकल्याच्या सिरपने मुलं दगावली, त्यातल्या अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य विभागाने दोन वर्षांच्या आतल्या मुलांना असं सिरप देऊच नये आणि पाच वर्षांपर्यंत साधारणपणे टाळावं, असं पुन्हा बजावलं. वर्षाच्या वरच्या मुलाला कोमट पाणी आणि चमचाभर मध पुरतो. वर्षाच्या आत मधही नको.

निघताना

१०८ला फोन करताना गावाचं नाव, जवळचा फाटा किंवा शाळा आणि पोराचं वय सांगावं. नेटवर्क नसलेल्या पाड्यावर टेकडीवर जाऊन फोन कोण करेल आणि रात्री गाडी कुणाची मिळेल हे पोर आजारी नसतानाच ठरवून ठेवावं. तान्ह्यांसाठी १०२ची गाडीही मोफत असते. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, नाहीतर शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय. पुढे पाठवलं तर उल्हासनगर किंवा ठाणे. पुढे पाठवताना चिठ्ठी मागून घ्यावी आणि रुग्णवाहिका द्यायला सांगावी, कारण तिथून खासगी जीपने घरी परत नेलेली पोरं हाताबाहेर जातात. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, त्यामुळे खिशात पैसे नाहीत म्हणून सकाळपर्यंत थांबू नये.

सोबत लसीकरण कार्ड, सिकलसेल कार्ड असेल तर ते, आणि आतापर्यंत दिलेल्या औषधांच्या बाटल्या-पाकिटं घ्यावीत, भगताने दिलेला पाला असला तर तोही न लपवता. तान्ह्याला मोटरसायकलवर नेताना आईच्या छातीशी उघडं लावून वरून गोधडी गुंडाळावी, डोकं झाकावं, नाक मोकळं ठेवावं. वाटेत पीत असेल तर पाजत राहावं, जुलाबाचं पोर असेल तर ओआरएसची बाटली आणि चमचा हातात असावा. शुद्धीत नसलेल्या पोराच्या तोंडात मात्र काही घालू नये, त्याला कुशीवर धरून न्यावं.